यंत्र हाती आले, आता शिकवायचे कसे?

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षात आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘तुम्ही वर्गात तंत्रज्ञानाचा वापर कसा कराल?’ प्रोजेक्टर, स्मार्ट टीव्ही, अ‍ॅप अशी चार नावे लिहिली की गुण मिळतात. पण पुढच्या वर्षी, इन्शाअल्लाह, मी खऱ्या वर्गासमोर उभी राहीन तेव्हा गुण देणारे कोणी नसेल. समोर मुले असतील आणि त्यांच्या मागे त्यांची घरे असतील. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी यंत्रापासून नाही, तर मुलापासून शोधू पाहते आहे.

आपल्याच राज्यातले उदाहरण घेऊ. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 साली ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालणारे गुरुजी म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांच्या कामाचा आरंभ कोडपासून झाला नव्हता. पुस्तके मुलींच्या घरच्या कन्नड भाषेत नाहीत, ही अडचण त्यांनी आधी ओळखली. मजकूर मुलींच्या भाषेत आणला आणि मग त्याला कविता, गोष्टी, पाठ यांचे ध्वनी आणि चित्रफिती जोडल्या. अडचण आधी, यंत्र नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्या घरांना तर हा क्रम लगेच पटेल. कितीतरी मुले घरी दखनी बोलतात, शाळेत मराठीत शिकतात आणि मकतबमध्ये अरबी वाचतात. कोकणातल्या मुलांची घरची बोली आणखी वेगळी. असे मूल वर्गात गप्प बसले तर त्याला विषय कळला नाही की शब्द कळला नाही, हे पडदा सांगू शकत नाही. ते शिक्षिकेनेच ओळखायला हवे. शब्द अडला असेल तर मात्र यंत्र मदतीला येते. उताऱ्याचे चांगले वाचन मुलाला पुन्हा पुन्हा ऐकवता येते. ऐकवायला यंत्र कंटाळत नाही, आणि दहाव्यांदा विचारायला मूलही लाजत नाही.

2017 मध्ये सुरू झालेले ‘दीक्षा’ अ‍ॅप आणि बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड ही साधने मोफत आहेत. ‘दीक्षा’वरचे पाठ आधी उतरवून ठेवले तर वर्गात इंटरनेट नसले तरी चालते. माझा विचार असा की, जे डोळ्यांना दिसत नाही किंवा गावात आणता येत नाही, त्यासाठी पडदा वापरावा: हृदयाचे ठोके, ज्वालामुखी, समुद्राचा तळ. पण अपूर्णांक शिकवायला चित्रफीत कशाला? कागदाची घडी घालून चार भाग करावेत, भाकरी मोडून दाखवावी. हाताने केलेले मूल विसरत नाही.

सर्वात उपयोगी वाटणारा प्रयोग अगदी साधा आहे. मुलाचे वाचन फोनवर ध्वनिमुद्रित करायचे, त्यालाच ऐकवायचे आणि महिन्याने तोच उतारा पुन्हा वाचून घ्यायचा. आपण कुठे होतो आणि कुठे आलो, हे त्याचे त्यालाच कळते. यासाठी शिक्षिकेचा एक फोन पुरतो. मुलाच्या घरी फोन असण्याची गरज नाही.

खरी मेख इथेच आहे. संध्याकाळी ग्रुपवर गृहपाठ टाकला की शाळेचे काम झाले असे समजले जाते. पण घरातला एकच फोन रिक्षा चालवणाऱ्या अब्बांच्या खिशात असतो आणि ते रात्री दहाला परततात. फोन घरी आला तरी आधी दहावीतल्या भावाला मिळतो. सातवीतल्या बहिणीची पाळी येईपर्यंत तिचे डोळे मिटलेले असतात. दुसऱ्या दिवशी वर्गात तिच्या नावापुढे ‘अभ्यास केला नाही’ असे लिहिले जाते. मुलगी हुशार असो वा नसो, हा शेरा तिच्यावर अन्याय आहे. म्हणून गृहपाठ फळ्यावरून वहीत उतरेल आणि ग्रुपवर फक्त सूचना जाईल, असे मी ठरवले आहे. सूचनाही शक्यतो बोलून पाठवावी. लिहिलेले वाचता न येणाऱ्या अम्मीला किंवा दादीला बोललेले समजते.

दुसरी गोष्ट छायाचित्रांची. मुलांचे फोटो सहज ग्रुपवर, तिथून स्टेटसवर आणि मग कुठेही जातात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मूल ही शिक्षकाकडे सोपवलेली अमानत आहे. तिचा फोटो काढण्याआधी विचारणे हा साधा अदब आहे.

आणि आता चॅटजीपीटीसारखी साधने आली. निबंध क्षणात तयार! त्यावर नुसती बंदी घालून भागेल असे मला वाटत नाही. विषयच असा द्यावा, ज्याचे उत्तर यंत्राकडे नसेल: ‘दादीने सांगितलेली तिच्या लहानपणीची हकिकत’. मूल घरी जाऊन विचारेल, ऐकेल आणि वर्गात बसून लिहील. दादीलाही बरे वाटेल.

युनेस्कोने 2023 च्या शिक्षणविषयक अहवालात हाच सवाल केला आहे की तंत्रज्ञान हवे, पण कोणाच्या अटींवर? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगावने त्याचे उत्तर 2022 मध्येच आपल्या परीने दिले. तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद राहतात. त्या वेळात मुले अभ्यास करतात. अटी गावाने ठरवल्या.

आपण आपल्या घरापुरत्या ठरवू शकतो. मगरिबनंतरचा एक तास फोन एका जागी ठेवावा, मोठ्यांचाही. अभ्यासासाठी फोन लागणार असेल तर मुलगा-मुलगी दोघांची वेळ आधी वाटून द्यावी. आणि शाळेच्या पालकसभेत ‘स्मार्ट टीव्ही आहे का?’ याबरोबर ‘तो कोणत्या पाठासाठी लावता?’ हेही विचारावे. तुम्ही विचाराल तर माझ्यासारख्या नव्या शिक्षिकांना उत्तर तयार ठेवावे लागेल. त्यात भले तुमच्याच मुलांचे आहे.