गोलात कोणाला उभे करायचे?

जालन्यातल्या आमच्या शाळेच्या मैदानावर हॉकीचे दोन संघ पाडायचे म्हटले, की एक ठरलेला प्रसंग घडतो. जोरात पळणारी मुले आधी वाटली जातात, मग बरी काठी चालवणारी. शेवटी एखादे जाडसर नाहीतर बुजरे पोर उरते. ‘तू गोलात थांब रे,’ असे त्याला सांगितले जाते आणि ते निमूटपणे दोन खांबांमध्ये जाऊन उभे राहते.

खेळाचा शिक्षक म्हणून पहिली काही वर्षे मीही हेच केले. एका सामन्यात अशाच एका मुलावर सात गोल झाले. सर्वांदेखत मी त्याला नको ते बोललो. दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर आला नाही. त्या रात्री मनात आले, या पोराला आपण शिकवले तरी काय होते? ‘चेंडू अडव’ एवढेच! पोहता न येणाऱ्याला ‘बुडू नकोस’ म्हणण्यातलाच हा प्रकार.

तेव्हापासून मी सुतळी वापरतो. दोन खांबांना दोन सुतळ्या बांधायच्या आणि त्यांची टोके समोर ठेवलेल्या चेंडूपाशी एकत्र आणायची. गोलाची रुंदी 12 फूट. गोलरक्षक रेषेवर उभा राहिला तर त्याला ही सगळी रुंदी राखावी लागते. तोच चेंडूच्या दिशेने निम्म्या वाटेवर पुढे आला, तर दोन सुतळ्यांमध्ये उरतात फक्त 6 फूट. हातपाय पसरले की तेवढी जागा जवळजवळ झाकली जाते. भूमितीच्या तासाला जांभया देणारी मुले हे पाहून डोळे विस्फारतात. मात्र फार पुढे आले, तर समोरचा खेळाडू वळसा घालून मोकळ्या गोलात चेंडू सारतो. किती पुढे यायचे आणि कधी थांबायचे, हीच खरी विद्या. तिला उड्यांपेक्षा डोके जास्त लागते.

दुसरा धडा चेंडू अडवल्यानंतरचा. पायाला लागून चेंडू समोरच पडला, तर तो अर्धाच अडवला म्हणायचा. टपून बसलेला दुसरा खेळाडू तो आत ढकलतो. म्हणून तो कडेला, मोकळ्या जागेत काढायचा. कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीत चेंडूऐवजी रबराची चकती असते, पण तिथल्या गोलरक्षकालाही हेच दोन धडे गिरवावे लागतात.

आपल्याकडे या जागेची थोरवी काही कमी नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीतले शंकर लक्ष्मण 1964 च्या टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात गोलात भिंतीसारखे उभे राहिले, म्हणून पाकिस्तानविरुद्धचा तो एकमेव गोल सुवर्णपदकाला पुरला. 1966 साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत तेच कर्णधार होते. पुढे 2021 मध्ये टोकियोतच जर्मनीविरुद्ध 5-4 अशी आघाडी असताना अगदी शेवटच्या क्षणांत श्रीजेशने पेनल्टी कॉर्नर अडवला आणि 41 वर्षांनी हॉकीत ऑलिंपिक पदक आले.

आणि तरीही शाळांत साहित्याची खरेदी होते तेव्हा आधी काठ्या येतात. गोलरक्षकाचे पॅड, हेल्मेट ‘पुढच्या वर्षी’वर जातात. हा चेंडू सुमारे 160 ग्रॅमचा आणि दगडासारखा टणक. पोराला हेल्मेटशिवाय त्याच्यासमोर उभे करणे ही काटकसर नव्हे, बेफिकिरी आहे. माझे स्पष्ट मत आहे की गोलरक्षकाचे साहित्य आधी घ्यावे, उरलेल्या पैशांत काठ्या घ्याव्यात. लहान वयात प्रत्येकाला आळीपाळीने गोलात उभे करावे, म्हणजे त्या जागेचा एकटेपणा साऱ्यांनाच कळेल. आणि सरावाचा निदान पाव वेळ फक्त गोलरक्षकाला द्यावा.

पालकांनाही एक विनंती. मूल घरी येऊन ‘मला गोलात टाकले’ म्हणाले, तर हळहळू नका. ‘कुठे उभा होतास?’ एवढेच विचारा.

तो सात गोलवाला मुलगा आज बाजारात मोसंबीचा व्यापार करतो. भेटला की हसून नमस्कार करतो. सुतळीचा धडा मात्र त्याला द्यायचा राहूनच गेला.