नाव सांगा, नाहीतर तुरुंग
एप्रिल २०१० मध्ये हैदराबादचे तंत्रज्ञ हरी प्रसाद यांनी दोन परदेशी संशोधकांसह मतदान यंत्रातल्या त्रुटी जाहीर केल्या. आकडे दाखवणाऱ्या भागाच्या जागी हुबेहूब बनावट भाग बसवला, की मोबाइलवरून निकाल फिरवता येतो, हे त्यांनी प्रत्यक्ष यंत्रावर दाखवलं. निवडणूक आयोगाने दावा फेटाळला. त्यांना यंत्र पुरवणारा अनामिक होता आणि ते यंत्र मुंबईतून चोरीला गेल्याची तक्रार होती. २१ ऑगस्टला मुंबई पोलिसांनी प्रसाद यांना घरातून अटक केली, यंत्र देणाऱ्याच्या नावाचा तगादा लावला. त्यांनी तोंड उघडलं नाही; आठवड्याने जामीन मिळाला. दोष दाखवणाऱ्याची अवस्था आजही फारशी बदललेली नाही. विनापरवानगी संगणक यंत्रणेत शिरून त्रुटी शोधली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हेतू लबाडीचा नव्हता, हे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत सांगत बसायचं. सरकारी गैरव्यवहार उघड करणाऱ्यांसाठी २०१४ मध्ये केलेला संरक्षण कायदा अजून लागूच झालेला नाही, आणि त्यातही निनावी तक्रारीची दखल घ्यायची नाही, अशी तरतूद आहे. सद्हेतूने त्रुटी कळवणाऱ्याला खटल्यापासून सूट आणि नाव गुप्त राहण्याची हमी, या दोन्ही गोष्टी संसदेने कायद्यात स्पष्ट लिहायला हव्यात.