आत येणाऱ्यावर कारवाई होईल!

माझे भांडण पाटीशी आहे. गोवंडीतल्या कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर एक वेळ गवत नसेल, पण पाटी असते: 'खाजगी मालमत्ता. आत येणाऱ्यावर कायदेशीर कारवाई होईल.' खाली वॉचमन, त्याच्या हातात काठी. कायदा म्हणजे ती काठीच!

अहो, खरा कायदा एवढा तापट नाही. १८६० च्या दंडसंहितेने नुसते पाऊल टाकण्याला गुन्हा म्हटलेच नव्हते. गुन्हा करण्याचा, धाक घालण्याचा, अपमानाचा किंवा त्रास देण्याचा इरादा हवा. २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही तेच. कैद जास्तीत जास्त तीन महिन्यांचीच राहिली. दंड तेवढा पाचशेचा पाच हजार झाला. महागाई!

पण काही मालक शिकाऱ्याच्या आवेशात अंगावर कुत्री सोडतात. वाघाची शिकार १९७२ च्या कायद्याने बंद झाली. स्टेशनचा आडरस्ता धरणाऱ्या कारकुनाची चालूच आहे!

आणि घुसखोर कोण, हे तरी कोण ठरवणार? जवळच मानखुर्दला जनता कॉलनी होती. शहरातून हलवलेल्यांना वसवण्यासाठीच ती उभी राहिली. पुढे ती जागा अणुशक्तीवाल्यांना हवी झाली. १९७६ साली, आणीबाणीत, तिथल्या माणसांना उठवून चीता कॅम्पात टाकले. पाटी बदलली की रहिवाशाचाही घुसखोर होतो!

मालकाने हक्क जरूर सांगावा, पोलिसांत जावे, कोर्टात जावे. पण आधी "कुठे निघालात?" एवढे विचारायला काय जाते? बँकेत चुकीच्या खिडकीशी आलेल्याला आम्हीसुद्धा "पलीकडे जा" एवढेच म्हणतो. इच्छा काहीही असो!