तसबीर भिंतीवरच राहू द्या

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरचा एक ठरावीक फोटो असतो: उंबरठ्यावर बसलेली बायको, मांडीवर नवऱ्याची हार घातलेली तसबीर. वृत्तपत्राच्या छायाचित्र विभागात मी असे फोटो ढिगाने पाहिले. ‘ताई, जरा हातात धरा ना,’ असं बहुतेकदा आमच्यापैकीच कुणीतरी सांगितलेलं असतं. दुःख खरं, पण दृश्य रचलेलं. ते घडलेली घटना म्हणून छापणं ही त्या बाईची आणि वाचकाची, दोघांचीही फसवणूक आहे.

दुःख टिपूच नये, असं मी म्हणत नाही. १९८४ च्या वायुकांडानंतर भोपाळला मातीआड होणाऱ्या बाळाचा चेहरा रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी टिपला. तो डोळ्यांसमोर नसता, तर ते वायुकांड अनेकांच्या लेखी नुसता आकडा उरलं असतं.

पण आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या त्या घरात कधी कधी आणखी एक गोष्ट असते. सरकारची एक लाखाची मदत मिळायला आत्महत्या ‘पात्र’ ठरावी लागते. ‘अपात्र’ असा शेरा मारलेला कागद घरच्यांनी जपून ठेवलेला असतो. त्यांना विचारा आणि तो छापा. त्यासाठी कुणालाही उंबरठ्यावर बसवावं लागत नाही.