रस्त्याचा हिशेब रस्त्यावर मांडा

इंदूर महानगरपालिकेचे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या निगमचे, 2025-26 चे अंदाजपत्रक आठ हजार कोटी रुपयांच्या वर गेले. परिषदेत 85 वॉर्डांचे 85 पार्षद बसतात. गेल्या वर्षभरात आपण आपल्या पार्षदांना काय विचारले, हे आम्ही आठवून पाहिले. गल्लीतला दिवा लागत नाही, ड्रेनेज तुंबले आहे, कचऱ्याची गाडी न थांबता गेली. आठ हजार कोटींविषयी आमच्याकडून एकही प्रश्न गेलेला नाही. तुमच्याकडून गेला असल्यास आनंदच आहे.

विचारण्यासारखे पुष्कळ होते. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा साडेअकरा किलोमीटरचा बी.आर.टी.एस. घ्या. सुमारे 300 कोटी खर्चून तो मे 2013 मध्ये सुरू झाला. नोव्हेंबर 2024 मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो काढण्याची घोषणा केली, फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि रेलिंग निघू लागले. बांधणे चूक की मोडणे, यावर आपल्या मंडळात दोन तट आहेत. (रोज बसने जाणारे एका बाजूला आणि मोटारवाले दुसऱ्या, हे सांगायला नकोच.) आम्ही त्या वादात पडत नाही. बांधताना पैसा आपला होता, मोडतानाही आपलाच, आणि दोन्ही वेळा आपल्याला कळले ते वर्तमानपत्रातून.

त्याहून वाईट प्रकार जमिनीखाली झाला. एप्रिल 2024 मध्ये निगमच्याच तक्रारीवरून पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. ड्रेनेजची जी कामे झालीच नव्हती, त्यांची सुमारे 28 कोटींची बिले लावली गेली होती. पुढे तपासात हा आकडा शंभर कोटींच्या पलीकडे गेला. बँकेत पाचशे रुपयांचे व्हाउचर असले तरी एक जण लिहितो आणि दुसरा तपासतो. निगमच्या बिलामागे तर मेजरमेंट बुक, इंजिनियरची सही, लेखा विभाग, ऑडिट अशी रांग असते. एवढ्या सह्यांमधून ही बिले सुटली. त्या गल्लीत राहणाऱ्या एखाद्या आजींना "तुमच्याकडे नवी लाइन पडली का हो?" असे विचारले असते, तर पाच मिनिटांत उत्तर मिळाले असते. आणि जमिनीखालचे दुर्लक्ष काय करते ते डिसेंबर 2025 च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात दिसले. नळाच्या पाण्यात मैला मिसळला, माणसे गेली. देशात स्वच्छतेत वर्षानुवर्षे पहिल्या आलेल्या शहरात हे घडले.

हिशेब मांडणे निगमला जमत नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये जलूदच्या 60 मेगावॉट सौर प्रकल्पासाठी निगमने 244 कोटींचे ग्रीन बाँड काढले, व्याज 8.25 टक्के. आपल्यातल्याही काही मंडळींनी ते घेतले. लोकांकडून कर्ज हवे होते, तेव्हा निगमला जाडजूड माहितीपत्रक काढावे लागले. उत्पन्न किती, देणे किती, खटले किती, प्रकल्पात धोका काय, सगळे छापून. सेबीचा नियमच तसा आहे. म्हणजे दहा हजार रुपये व्याजाने देणाऱ्याला निगमची सारी कुंडली मिळते, आणि चार पिढ्या संपत्ती कर भरणाऱ्याला फक्त पावती. ही गोष्ट आमच्या मनाला फार लागली, आणि या अग्रलेखाचे खरे कारण तेच आहे.

कारण जुन्या इंदुरात आपण नुसता कर दिलेला नाही, घरेही दिली आहेत. जयरामपूर ते गोराकुंड आणि बडा गणपती ते कृष्णपुरा छत्री हे रस्ते स्मार्ट सिटीखाली रुंद झाले, तेव्हा कोणाचा ओटा गेला, कोणाची ओसरी, कोणाची पुढची अख्खी खोली. रस्ते रुंद व्हायला नको होते असे आम्ही म्हणणार नाही. त्या गर्दीत रुग्णवाहिका अडकलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. पण जागेच्या बदल्यात रोख रकमेऐवजी वर जादा बांधकामाचा हक्क देऊ केला गेला. ज्या घरात दोन म्हातारी माणसे उरली आहेत आणि मुले पुण्याला किंवा परदेशी, त्यांनी उरलेल्या बारा फुटांवर तिसरा मजला कशाने चढवायचा? ठराव मांडला गेला तेव्हा हा प्रश्न परिषदेत कोणी तरी उभा करायला हवा होता. तो आम्हीही पार्षदांच्या हाती दिला नाही, हे कबूल करतो.

याच शहरात वेगळी रीतही होऊन गेली आहे. होळकर दरबारने नगररचनेसाठी पॅट्रिक गेडिस यांना बोलावले होते. 1918 च्या त्यांच्या अहवालाचा रोख असा, की जुन्या मोहल्ल्यांतून सरसकट रुंद रस्ते फाडण्याऐवजी पडीक तेवढे काढावे आणि मोकळी जागा वाढवावी. त्याआधी 1917 च्या दिवाळीत त्यांनी मिरवणूक काढली, ती ज्या भागांनी झाडलोट आणि डागडुजी उत्तम केली त्यांच्यातून जाणार असे जाहीर करून. मोहल्ल्यांमध्ये चुरस लागली. आधी रहिवाशांना कामात घेतले, मग वाट ठरली.

आता करायचे काय? माहिती अधिकार कायदा 2005 सालापासून आहे. दहा रुपयांच्या अर्जावर एस्टिमेट, वर्क ऑर्डर आणि मेजरमेंट बुकाची प्रत मागता येते. शिवाय चालू कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क त्यात आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. आपल्या समाजात निवृत्त ओव्हरसियर, ऑडिटर, बँकवाले यांना तोटा नाही. एका वॉर्डामागे असे तिघे जण मिळाले तरी काम सुरू होईल. पहिला अर्ज मोठ्या रस्त्याचा नको, एखाद्या लहान गल्लीतल्या ड्रेनेज लाइनचा असावा, म्हणजे कागदावरची लांबी टेप लावून मोजता येईल. मिळालेले आकडे आम्ही याच पानावर छापू. काम बरोबर निघाले तर तेही छापू, आणि त्या इंजिनियरचे कौतुक करू. परिषदेची मुदत 2027 मध्ये संपते, तेव्हा मत मागायला येणाऱ्यांपुढे ठेवायला आपल्याकडे दोन-चार मोजमापे हवीत. नावे मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत नोंदवावीत. टेप आम्ही आणून ठेवली आहे.