चढ शून्य

“काकू, एलिव्हेशन किती झालं?”

सोसायटीच्या गेटपाशी एका तरुण शेजाऱ्याने या सोमवारी मला हा प्रश्न विचारला. ‘काकू’बद्दल तक्रार नाही, तो दावा मी याच सदरात पूर्वी लढले आणि हरले. पण बाई नवऱ्याबरोबर स्पेनमध्ये सायकल चालवून आली आहे, एवढं कळल्यावर माणसाने काय विचारावं? कुठे गेलात, काय खाल्लंत, गुडघे जागेवर आहेत ना? ते काही नाही. थेट चढ किती. “जवळजवळ शून्य,” मी म्हणाले. त्याचा चेहरा इतका पडला की मलाच त्याची समजूत काढावीशी वाटली. “असू दे, या वयात तेही खूप झालं,” असं म्हणून तो सिंहगडाकडे निघून गेला.

पुण्यात सायकल हे वाहन होतं तेव्हा मी शाळेत होते. मध्यंतरी ती गरिबीचं लक्षण झाली आणि आता तिचं प्रायश्चित्त झालंय. रविवारी पहाटे चारला उठायचं, स्कूटरहून महाग सायकल बाहेर काढायची, घाट चढायचा, वर धापा टाकत फोटो काढायचा, खाली येऊन मिसळ खायची आणि मग संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर आकडे वाटत बसायचं. वाटेत काय दिसलं हे सांगायची पद्धत नाही. दिसतं तरी काय? पुढच्याचं मागचं चाक.

तर आम्ही गेलो होतो कनाल दे कास्तियाच्या काठाने. हा उत्तर स्पेनमधला कालवा. लांबी २०७ किलोमीटर, आकार उलट्या ‘वाय’चा. एक टोक उत्तरेला आलार देल रेयला, दुसरं मेदिना दे रिओसेकोला, तिसरं वायादोलिदला. कास्तियाच्या पठारावरचा गहू समुद्राकडे न्यायचा म्हणून सहाव्या फर्डिनांड राजाच्या काळात, एन्सेनादाच्या मार्किसच्या पुढाकाराने १७५३ साली खणायला घेतला आणि पुरा झाला १८४९ साली. मध्ये पैसे संपले, नेपोलियन येऊन गेला, काही वर्षं कैद्यांकडून खणून घेतला. बोटी ओढायला काठावरून खेचरं चालत. ती खेचरांची वाट अजून आहे. तीच आमची वाट.

आता मुद्दा असा, की पाण्याला चढ चालत नाही. शेजाऱ्याला मी गेटवरच हे ऐकवायला हवं होतं. ते पठार बघायला सपाट, पण कालव्याला लागतं तितकं सपाट जगात आयतं काही नसतं. ते करावं लागतं. दोन टोकांच्या पातळीत दीडशेएक मीटरचा फरक आहे, आणि तो उतरवण्यासाठी ४९ दगडी हौद बांधलेत. बोट हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी खाली सोडायचं, बोट तेवढी खाली आली की पुढचं दार उघडायचं. फ्रोमिस्ता गावापाशी असे चार हौद एकाखाली एक आहेत. जुने हौद लंबगोल आहेत, म्हणजे बाजूच्या मातीचा रेटा कमानीसारख्या भिंतींनी पेलावा. दारं आता बहुतेक ठिकाणी नाहीत. पाणी धबधब्यासारखं उडी मारतं आणि शेजारी उभं राहिलं की चष्म्यावर तुषार येतात. दोन हौदांच्या मध्ये मात्र सगळं एका पातळीत. ९६ वर्षं खपून माणसांनी चढ नाहीसा केला, आणि आमच्याकडची पोरं पैसे मोजून तो शोधत फिरतात.

मूळ बेत थेट सांतान्देरच्या बंदरापर्यंत जायचा होता. पण मध्ये कांताब्रियन पर्वत. म्हणजे ‘एलिव्हेशन किती?’ हा प्रश्न त्या इंजिनियरांनाही पडला होताच. त्यांनी शहाण्यासारखा आलारलाच मुक्काम टाकला. पुढे माल गाडीरस्त्याने जायचा. मग १८६६ साली सांतान्देरपर्यंतची रेल्वे पूर्ण झाली आणि कालव्याचं ऐन तारुण्यात म्हातारपण सुरू झालं. तरी बोटी चालू होत्या १९५९ पर्यंत. आता त्याचं पाणी शेतीला जातं. रेल्वेचंही फार वेगळं झालं नाही म्हणा. स्पेनने बंद पडलेल्या लोहमार्गांवर १९९३ पासून ‘विया वेर्दे’ नावाचे सायकलमार्ग करायला घेतले. आज ते तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेलेत. खेचराला आगगाडीने घालवलं, आगगाडीला मोटारीने घालवलं, आणि दोघांच्याही रिकाम्या जागेत सायकल जाऊन बसली. वायादोलिद ते मेदिना दे रिओसेको अशी एक छोटी गाडी १८८४ पासून १९६९ पर्यंत धावत होती. लोक तिला ‘त्रेन बुर्रा’, म्हणजे गाढवगाडी म्हणत. तिचा वेग किती असावा, याचा अंदाज वाचकांनी बांधावा.

वाट मातीची आणि खडीची. एका बाजूला पाणी, वेत, बेडूक, पॉपलरची उंच झाडं; दुसऱ्या बाजूला क्षितिजापर्यंत गहू, त्यात मधेच मातीचे गोल कबुतरखाने. मोटारी नाहीत. क्वचित एखादा ट्रॅक्टर, आणि फ्रोमिस्ताच्या अलीकडे सान्तियागोला निघालेले पायी यात्रेकरू, कारण बोआदिया ते फ्रोमिस्ता त्यांची आणि खेचरांची वाट एकच आहे. त्या मोकळ्या वाटेवर नवरा बराच वेळ घंटी वाजवत होता. कोणासाठी, ते त्याला सांगता येईना. जन्मभर लक्ष्मी रोडला सायकल आणि पुढे स्कूटर घातलेला माणूस. समोर कोणी नाही याचा अर्थ कोणीतरी अचानक येणार, असं त्याचं शरीर समजतं.

आणि सपाट म्हणजे सोपं, हे कोण म्हणालं? घाटाला उतार असतो. उतारावर पाय थांबतात, चाक आपोआप पळतं. कालव्याच्या काठी असली दयामाया नाही. पायडल थांबलं की सायकल थांबली. त्यात त्या पठारावरचा वारा. तो मेदिनाहून आमच्याकडे निघालेला आणि आम्ही त्याच्याकडे निघालेलो. आडोसा फक्त पॉपलरचा, तोही जिथे असेल तिथे.

पण खरी चढण वेगळीच होती, आणि हा लेख मुळात तिच्याबद्दलच लिहायला घ्यायला हवा होता. ती म्हणजे दुपारचं जेवण. स्पेनचं घड्याळ १९४० साली, फ्रँकोच्या काळात, एक तास पुढे नेऊन मध्य युरोपाच्या वेळेला बांधलं आणि ते तसंच राहिलं. त्यामुळे उन्हाळ्यात तिथे सूर्य डोक्यावर येतो सव्वादोनच्या सुमारास. सूर्याच्या हिशोबाने ते लोक आपल्याच वेळेला जेवतात, पण माझं पोट घड्याळ बघतं. साडेबाराला मी एखाद्या गावातल्या बारमध्ये शिरावं, तर काउंटरवर कॉफी आणि वाइन, आणि स्वयंपाकघर बंद. दोनला या. दोनपर्यंत करायचं काय? फ्रोमिस्तात ठीक आहे. तिथे अकराव्या शतकातलं सान मार्तिनचं चर्च आहे, त्याच्या छताच्या कडेखाली तीनशेहून अधिक कोरीव डोकी, जनावरं आणि चमत्कारिक माणसं आहेत, ती भुकेल्या पोटी बघता येतात. इतर गावांत एक चौक, एक बाक, मनोऱ्यावर करकोच्याचं घरटं. दुकानही दोन ते पाच बंद. ज्या गावात दुकान आहे त्या गावात.

आणि दोन वाजता स्वयंपाकघर उघडलं की दुसरा अंक. मी शाकाहारी. (अंडं मी परदेशात शाकाहारी धरते. या मुद्द्यावर पत्रं पाठवू नयेत. गेल्या वेळची अजून वाचते आहे.) “मांस नको,” असं मी पाठ केलेल्या स्पॅनिशमध्ये सांगायची. बाई मान डोलवायची, मनापासून. मग यायचं हिरवंगार सॅलड: टोमॅटो, कांदा, ऑलिव्ह, आणि वर ट्यूना माशाचा ढीग. मी हात वर केला की ती म्हणायची, हे मांस कुठे आहे, हा ट्यूना आहे. बरोबरच आहे तिचं. पुढच्या गावात मी “मांस नको, मासा नको” असं सांगितलं, तर लसणाच्या सूपमध्ये हॅमचे तुकडे. ते चवीपुरते म्हणे. नवरा माझ्या ताटातलं सगळं निस्तरत होता आणि वर मलाच सांगत होता की लोक किती प्रेमळ आहेत. तीन पदार्थ, पाव आणि वाइन अशा जेवणानंतर त्याला सायकल नको, झाड हवं असायचं. रात्रीचं जेवण नऊनंतर. मधल्या वेळात मी बटाट्याच्या तोर्तियावर जगले. अंडं आणि बटाटा या जोडीचं देऊळ कोणी बांधत असेल तर मी वर्गणी देईन.

त्या अवघ्या वाटेवर हॉर्न आम्ही ऐकला तो एका गावात, सकाळी. चांगला लांबलचक, आपल्याकडच्या एसटीला शोभेल असा. नवऱ्याने दचकून सायकल भिंतीला लावली. आली ती पाववाल्याची व्हॅन. दुकान नसलेल्या गावांत ती अशी हॉर्न मारत येते, आणि कुठून तरी, इतका वेळ बंद वाटणाऱ्या दारांतून, म्हाताऱ्या बाया पिशव्या घेऊन बाहेर पडतात. आम्हीही रांगेत उभे राहिलो. त्यांनी आमची कसून चौकशी केली. कुठून आलात, मुलं किती, मुलं बरोबर का नाहीत, आणि मेदिनाला जायचंय तर मोटारीने का नाही जात, रस्ता चांगला आहे की. कालव्याच्या काठाने, असं सांगितल्यावर त्या एकमेकींकडे बघून हसल्या. चढ किती, हे मात्र एकीनेही विचारलं नाही.

पाव गरम होता. त्यात काही घातलेलं नाही ना, हे मी पैसे देण्याआधी विचारून घेतलं. पाववाला म्हणाला, नाही, पण हवा असेल तर गाडीत ट्यूनाचे डबे आहेत.