गाडी ऑटोमॅटिक आहे ना? मग आरपीएमचा काटाही बघत जा

ऑटोमॅटिक गाडी घेतली की मीटरमधल्या एका काट्याकडे आपलं लक्ष जात नाही. वेग बघतो, पेट्रोल बघतो. इंजिन मिनिटाला किती फेऱ्या मारतं ते दाखवणारा आरपीएमचा काटा आपला हलत असतो. गिअर टाकायचेच नाहीत, तर त्याच्याशी काय काम, असं वाटतं. लांबच्या प्रवासाला निघत असाल तर काम आहे. गिअरबॉक्समधले काही बिघाड सगळ्यांत आधी त्या काट्यावर दिसतात.

आधी आपल्या गाडीत काय बसवलंय ते पाहा. ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्या आतून सारख्या नसतात. मारुतीच्या गाडीवर एजीएस लिहिलं असेल तर आत साधा क्लचच आहे, फक्त तो दाबायचं काम यंत्र करतं. हा लेख त्या गाडीसाठी नाही. इनोव्हा क्रिस्टाचं ऑटोमॅटिक मॉडेल, डिझेल क्रेटाचं ऑटोमॅटिक, स्कॉर्पिओ-एनचं ऑटोमॅटिक, २०२२ नंतरची सहा गिअरची ऑटोमॅटिक अर्टिगा किंवा ब्रेझा, यांत टॉर्क कन्व्हर्टर असतो. तुमची गाडी यांतली नसेल तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात बघा.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसवलेला, तेलाने भरलेला गोल डबा. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. डब्यात वाऱ्याच्या जागी तेल असतं, एवढाच फरक. म्हणूनच सिग्नलला डी मध्ये ब्रेक दाबून उभे राहिलात तरी इंजिन बंद पडत नाही.

पण दुसरा पंखा पहिल्यापेक्षा जरा हळूच फिरतो. इंजिनच्या फेऱ्या थोड्या वाया जातात आणि तेवढं पेट्रोल तेल तापवण्यात संपतं. हे टाळायला डब्यात एक क्लच असतो. गाडी एका वेगाने चालू लागली की तो दोन्ही बाजू घट्ट धरतो. याला लॉकअप म्हणतात. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४९ मध्येच तो गाडीत बसवला होता. पण त्याची खरी गरज लोकांना पटली ती १९७३ च्या तेलटंचाईनंतर. १९७८ पासून क्रायस्लरने तो आणला, आणि हळूहळू सगळ्यांनीच घेतला. पेट्रोल महागलं की माणूस शहाणा होतो, तिकडेही आणि इकडेही.

आता तुमच्या कामाची गोष्ट. लॉकअप लागलेला असताना इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये घसरायला जागा उरत नाही. त्यामुळे तोच गिअर आणि तोच वेग असेल तर काटा त्याच आकड्यावर यायला हवा. गाडीत एकटे असा की सहा जण, एसी चालू असो की बंद. हा आकडा तुमच्या गाडीचा स्वतःचा आहे. तो एकदा माहीत करून घ्या.

समृद्धीवर किंवा एक्स्प्रेसवेच्या सपाट भागात, गर्दी नसताना हे करा. आधी अर्धा तास गाडी चालू द्या, कारण तेल गरम झाल्याशिवाय लॉकअप नीट लागत नाही. मग ताशी ८० वर पाय स्थिर ठेवा, नंतर ताशी १०० वर. काटा बघायचं काम शेजारी बसलेल्याला द्या. तुम्ही रस्त्याकडेच बघा. काटा एकदा थोडा खाली उतरून थांबलेला दिसेल. नव्या गाड्यांत लॉकअप खालच्या गिअरपासूनच लागतो, म्हणून उतरताना दिसला नाही तर घाबरू नका. तो एका जागी थांबतो का, एवढं बघा. वेग, गिअर आणि आकडा लिहून ठेवा.

आकडा किती असावा? हिशोब सोपा आहे. ताशी १०० म्हणजे मिनिटाला सुमारे १६६७ मीटर. चाक एका फेरीत साधारण दोन मीटर जातं, म्हणजे मिनिटाला ८३३ फेऱ्या. सगळ्यांत वरच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीला इंजिनच्या अडीच फेऱ्या होत असतील, तर काटा २१०० च्या जरा खाली राहील. शेजाऱ्याच्या गाडीचा काटा १७०० वर असेल आणि तुमचा २५०० वर, तर त्यात वाईट काही नाही. गिअर वेगळे असतात. जुन्या चार गिअरच्या गाडीत आकडा जास्तच दिसतो.

ओव्हरटेक करताना, बोरघाट चढताना, थंडीत सकाळी गाडी नुकतीच काढल्यावर काटा वर जाणारच. ब्रेकवर पाय ठेवला तरी लॉकअप सुटू शकतो. हे सगळं ठीक. नव्या गाड्यांत थोडी घसर मुद्दाम ठेवतात, त्यामुळे पन्नासेकचा फरक मनावर घेऊ नका.

मात्र त्याच सपाट रस्त्यावर, त्याच वेगाला, त्याच गिअरला आकडा तीनशे-चारशेने वर गेला आणि वरच राहिला, तर लक्ष द्या. पाय स्थिर असताना काटा वर-खाली होत असेल तरी लक्ष द्या. कधी ताशी ६० ते ८० ला हलका पाय असताना गाडी सेकंद-दोन सेकंद थरथरते आणि पाय जरा हलवला की थांबते. हेही लॉकअपचंच लक्षण असू शकतं. उलटंही होतं. लॉकअप सुटतच नाही, आणि सिग्नलला थांबताना इंजिन बंद पडतं. मग मात्र गाडी रस्त्यावर काढू नका.

गॅरेजला गेलात की आधी गिअरबॉक्सचं तेल तपासायला सांगा. करपल्याचा वास येत असेल, रंग काळपट झाला असेल तर तेल खराब झालंय. बदलताना पुस्तकात दिलेलं तेलच घाला, ‘यातही चालतं’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही, असं कुणी सांगितलं तर विचारा, आयुष्य कुणाचं? घाटात रोज गाडी चालवणाऱ्याने तेल लवकर बदललेलं बरं. मग स्कॅनर लावायला सांगा. पी०७४१ हा कोड आला तर लॉकअप धरत नाही असा संशय आहे. तो तेलामुळे, एखाद्या वाल्व्हमुळे किंवा वायरिंगमुळेही येऊ शकतो. हे तपासल्याशिवाय गिअरबॉक्स उघडायला हो म्हणू नका.

पेट्रोल वाचवायला घाट न्यूट्रलमध्ये उतरू नका. डी मध्ये पाय काढला की बहुतेक नव्या इंजिनांत पेट्रोल जवळपास थांबतंच, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. खालचा गिअर लावून उतरा.

जुनी ऑटोमॅटिक गाडी घेत असाल तर गल्लीतला फेरफटका पुरत नाही. मालकाला म्हणा, हायवेवर अर्धा तास चालवू द्या, टोल आणि पेट्रोल आमचं. तेल तापू द्या, ताशी ८० ला पाय स्थिर ठेवा, आणि घरच्यांपैकी एकाला काट्याकडे बघायला बसवा.